गाडीला मागचा डोळा



गेल्या काही वर्षांत आपल्या खेड्यापाड्यांतून चारचाकी गाड्या बऱ्याच दिसू लागल्या आहेत. कुणी उसाच्या बिलातून नवी घेतली, कुणी शहरातल्या पाहुण्याची वापरलेली घेतली, तर कुणी भाजीपाला बाजाराला न्यायला कर्ज काढून पिकअप घेतला. गाडी दारात आली की आपण तिला हार घालतो, नारळ फोडतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. पुढे सीटकव्हर येतात, गाण्याची मशीन येते, मागच्या काचेवर देवाचे आणि मुलांचे नाव येते. हौसेला मोल नाही, त्याबद्दल माझी तक्रारही नाही. पण त्याच दुकानात, त्याच फळीवर एक वस्तू टांगलेली असते. दुकानदार ती हौसेची म्हणूनच विकतो, आणि मला मात्र ती फवारणीच्या वेळी तोंडाला बांधायच्या मास्कइतकी गरजेची वाटते. ती म्हणजे गाडी मागे घेताना पाठीमागचे चित्र दाखवणारा कॅमेरा.

शहरातला माणूस हा कॅमेरा घेतो तो बहुधा बंपरला ओरखडा पडू नये म्हणून. आपल्याला तो वेगळ्याच कारणासाठी हवा आहे. आपली गाडी उभी राहते कुठे, ते पाहा. बंद गॅरेज किंवा आखलेला वाहनतळ आपल्याकडे क्वचितच असतो. गाडी उभी राहते ती अंगणात, खळ्यात, गोठ्याच्या तोंडाशी. त्याच अंगणात पोरे गोट्या खेळतात, म्हातारी ऊन खात बसते, सोयाबीन वाळत पडलेले असते, दावे सुटलेले वासरू गाडीच्या सावलीला येऊन बसते. रस्त्यावर आपण डोळ्यांत तेल घालून गाडी चालवतो, आणि दारात आलो की निर्धास्त होतो. धोका मात्र तिथेही असतो, आणि त्या धोक्यापुढे उभे असते ते आपल्याच घरातले माणूस.

अमेरिकेत याची आकडेवारी ठेवली जाते. तिथल्या रस्ते-सुरक्षा खात्याने २०१४ साली सांगितले होते, की मोटारी मागे घेताना होणाऱ्या अपघातांत त्या देशात वर्षाला सरासरी २१० माणसे दगावतात आणि १५ हजार जखमी होतात. दगावणाऱ्यांत ३१ टक्के मुले पाच वर्षांच्या आतली, आणि २६ टक्के माणसे सत्तरीच्या पुढची. म्हणजे निम्म्याहून जास्त एकतर नातवंडे, नाहीतर आजी-आजोबा. ही तिथली आकडेवारी आहे, ती जशीच्या तशी इथे लावता येणार नाही. पण लहान मूल गाडीच्या मागे दिसत नाही आणि म्हाताऱ्याला चटकन बाजूला होता येत नाही, हे तिथे खरे तसेच इथेही खरे.

तिथे या बाबतीत कायदा झाला, त्यामागे एका घराचे दुःख आहे. २००२ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड भागात ग्रेग गुलब्रॅन्सन नावाचे डॉक्टर आपली मोठी गाडी घराच्या आवारात मागे घेत होते. ते स्वतः लहान मुलांचे डॉक्टर. त्यांनी आरसे पाहिले, मान वळवून मागे पाहिले, काहीच दिसले नाही. त्यांचा दोन वर्षांचा मुलगा कॅमेरॉन गाडीमागे आलेला होता. तो त्यात गेला. पुढे त्या मुलाच्या नावाने २००७ चा कायदा झाला, २००८ साली राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी त्यावर सही केली, आणि १ मे २०१८ पासून त्या देशात तयार होणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. डॉक्टरांनी हलगर्जीपणा केला नव्हता. आरशांतून आणि काचेतून जेवढे दिसते तेवढे त्यांनी पाहिले होते. जे दिसतच नाही, ते कितीही काळजी घेतली तरी दिसणार कसे?

आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या मोटारींना मागे घेताना इशारा देणारी यंत्रणा सक्तीची आहे. नव्या गाडीच्या बंपरमध्ये गोल बटणासारखे दिसतात ते सेन्सर त्यासाठीच. ते ध्वनिलहरी सोडतात, लहर आपटून परत आली की गाडीत पीं-पीं वाजते. चांगली सोय आहे. पण सेन्सर काय आहे ते सांगत नाही, फक्त काहीतरी आहे एवढेच सांगतो. भिंत असो, तुळशीवृंदावन असो की पोर असो, आवाज एकच. बारीक काठी किंवा अगदी खाली पडलेली वस्तू त्याला चुकते, आणि चिखल बसला की तो भलत्या वेळी वाजत राहतो. मग आपण त्याच्याकडे कानाडोळा करायला शिकतो. शिवाय त्या तारखेच्या आधीच्या जुन्या गाड्यांना बहुधा तेही नाही, आणि खेड्यात जुन्याच गाड्या जास्त.

आधी मापून पाहा

माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवू नका, आपल्या अंगणात करून पाहा. आपल्या घरातले चालू लागलेले लहानात लहान मूल भिंतीला लावून उभे करा आणि त्याच्या उंचीची काठी तोडा. दोन वर्षांचे मूल असेल तर ती पावणेतीन फुटांच्या आसपास भरेल. काठीच्या टोकाला लाल फडके बांधा. वाळूने भरलेल्या बादलीत ती अशी रोवा की फडके जमिनीपासून बरोबर मुलाच्या उंचीवर राहील. बादली गाडीच्या मागच्या बंपरला टेकवून ठेवा. गाडीचे इंजिन बंद, चावी खिशात. आता जो रोज गाडी चालवतो त्याने आपल्या जागेवर बसावे, आरशांत पाहावे, मान वळवूनही पाहावे. दुसऱ्याने बादली एकेक फूट मागे सरकवत न्यावी. ज्या ठिकाणी मागच्या काचेतून फडके पहिल्यांदा दिसेल, तिथे राखेने रेघ मारा.

बंपरपासून त्या रेघेपर्यंतची जागा म्हणजे तुमच्या गाडीची आंधळी जागा. दहा-पंधरा फूट निघाली तर नवल वाटू देऊ नका. गाडी उंच असेल तर ती वाढते. चालवणारा बुटका असेल तर आणखी वाढते, म्हणून सून किंवा मुलगी गाडी चालवत असेल तर तिला बसवून वेगळे माप घ्या. मागच्या सीटवर क्रेट किंवा पोती भरली की काचेतून काहीच दिसत नाही, मग माप घेण्यातही अर्थ नाही. पिकअपला ताडपत्री बांधली की तीच गत.

ही रेघ सगळ्या घराने एकदा पाहावी, मुलांनीसुद्धा. त्या जागेत चार-सहा पोरे एका वेळी उभी राहू शकतात आणि चालवणाऱ्याला एकही दिसत नाही, हे डोळ्यांनी पाहिल्यावर वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

घेताना काय पाहावे

कॅमेरा गाडीवर बसवण्याची कल्पना काही आजची नाही. १९५६ साली अमेरिकेतल्या ब्यूक कंपनीने सेंच्युरियन नावाची नमुन्याची गाडी दाखवली होती. तिला मागच्या आरशाऐवजी चक्क टेलिव्हिजनचा कॅमेरा आणि पडदा होता. ती गाडी बाजारात आली नाही. १९९१ साली जपानमध्ये टोयोटाच्या सोअरर गाडीला मागचा कॅमेरा मिळू लागला. तेव्हा ही चीज श्रीमंतांची होती. आता बाहेरून बसवायचा कॅमेरा काही शेकड्यांपासून काही हजार रुपयांपर्यंत मिळतो.

स्वस्त आणि महाग यांत फरक मुख्यतः दोन बाबतींत असतो: पाणी-धूळ सोसण्याची ताकद आणि अंधारातले चित्र. खोक्यावर आयपी ही अक्षरे आणि पुढे दोन आकडे असतात. पहिला आकडा धुळीचा. ६ असेल तर धूळ आत शिरत नाही. दुसरा पाण्याचा, ७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास राहिला तरी चालतो. आयपी ६७ च्या खालचा कॅमेरा आपल्या रस्त्यांना घेऊ नये. जे लोक गाडी फवारणी पंपाच्या किंवा सर्व्हिसिंगच्या जोरदार धारेने धुतात, त्यांनी ६९के लिहिलेला मिळाला तर पाहावा, आणि तरीही धार कॅमेऱ्यावर रोखून धरू नये.

पडदा तीन तऱ्हेचा मिळतो. गाडीत पडद्याची गाण्याची मशीन असेल तर तिला बहुधा कॅमेऱ्याची जागा असतेच. वेगळा पडदा घेण्याची गरज नाही. नसेल तर डॅशबोर्डवर ठेवायचा छोटा पडदा मिळतो. तिसरा प्रकार आतल्या आरशावर चढवायचा, ज्यात आरशाच्या काचेतच चित्र उमटते. जुन्या गाडीला मी हा तिसरा प्रकार सुचवतो. मागे घेताना नजर सवयीने आरशाकडेच जाते, आणि डॅशबोर्डला भोके पाडावी लागत नाहीत. वजनाने आरसा खाली लोंबत असेल तर मात्र हलका घ्या. मोबाइलवर चित्र दाखवणारे कॅमेरेही विकायला आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नये. दर वेळी फोन काढून जोडणी करण्याइतका धीर घाईच्या सकाळी कुणाला असतो?

बिनतारी कॅमेऱ्याचे नाव ऐकून हुरळू नका. चित्र बिनतारी गेले तरी कॅमेऱ्याला वीज लागते, म्हणजे मागे तार जोडावी लागतेच. आणि लोखंडी पत्र्याच्या आडून येणारे चित्र मधूनच तुटते किंवा उशिरा येते. मोटारीसाठी तारेचाच घ्यावा.

दुकानातून निघण्यापूर्वी कॅमेरा आणि पडदा एकमेकांना जोडून, बॅटरीवर लावून, चित्र दिसते का पाहून घ्या. कॅमेऱ्यांच्या चित्र पाठवण्याच्या पद्धती एकापेक्षा जास्त आहेत. मशीनची आणि कॅमेऱ्याची पद्धत जुळली नाही तर पडदा काळा राहतो, आणि दुकानदार दोष तुमच्या गाडीला देतो. मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची असते, मोठ्या ट्रकची २४ व्होल्टची, हेही सांगून घ्या.

बसवताना

हे काम गावातला चांगला ऑटो-इलेक्ट्रिशियन दोन-चार तासांत करतो. मोटारीचा स्टार्टर स्वतः जोडणारे आपल्यात पुष्कळ आहेत, त्यांना घरीही जमेल. पण दुसऱ्याकडून करून घेतले तरी पुढे सांगतो ते समजून घ्या आणि जवळ उभे राहून पाहा.

तत्त्व सोपे आहे. रिव्हर्स गिअर टाकला की मागचा पांढरा दिवा लागतो. त्याच दिव्याच्या तारेतून कॅमेऱ्याला वीज द्यायची. दिवा लागला की कॅमेरा चालू, गिअर काढला की बंद. वेगळे बटण नको. बटणाचा कॅमेरा लोक दोन दिवस लावतात, तिसऱ्या दिवशी विसरतात.

खोक्यात कॅमेरा असतो, लाल-काळ्या तारेचा छोटा तुकडा असतो, आणि पिवळ्या टोपणाची वीसेक फूट लांब केबल असते. पिवळी केबल चित्र वाहून नेते. तिच्या दोन्ही टोकांना एक बारीक लाल तार बाहेर आलेली दिसेल. पुष्कळ जण ती निरुपयोगी समजून कापून टाकतात. ती फार कामाची आहे. मागच्या टोकाला ती रिव्हर्सच्या दिव्याला जोडायची आणि पुढच्या टोकाला मशीनच्या रिव्हर्स लिहिलेल्या तारेला. गिअर पडला ही वर्दी तीच पुढे पोहोचवते, मग मशीन गाणे सोडून कॅमेऱ्याचे चित्र दाखवते.

दिव्याची तार ओळखण्यासाठी गाडी सपाटीवर घ्या, चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा. इंजिन सुरू न करता चावी पुढे फिरवा आणि एकाला रिव्हर्स गिअर टाकायला सांगा. मागच्या दिव्याचे घर बहुधा दोन बोल्टांवर असते, ते सोडवले की तारा दिसतात. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून पाहा. गिअर टाकल्यावर १२ च्या आसपास दाखवते आणि गिअर काढल्यावर शून्य होते, ती आपली तार. तारेच्या रंगावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा रंग वेगळा. तार सापडली की चावी काढा आणि बॅटरीची ऋण बाजू, म्हणजे काळी तार सोडवून ठेवा. मगच जोडकामाला हात घाला.

आता जोडाबद्दल. विहिरीतल्या पाणबुडी मोटारीच्या केबलचा जोड आपण कसा करतो? नुसता पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळली तर तो किती दिवस टिकतो, ते तुम्हीच जाणता. इथेही तसेच. डिकीच्या कोपऱ्यात ओल असते, धक्के असतात, उन्हाळ्यात चिकटपट्टीचा डिंक वितळून ती गळून पडते. तारेला कथलाचा डाग द्यावा आणि वरून तापवली की आकसणारी नळी चढवावी. लाल तारेत दिव्याच्या जोडाजवळच एक अँपिअरचा छोटा फ्यूज घालावा. घरातल्या किटकॅटमध्ये जाड तार घालण्याची आपली खोड इथे आणू नये. कॅमेऱ्याला वीज अगदी थोडी लागते, पण तार पत्र्याला घासून उघडी पडली तर फ्यूज नसताना काय होईल, ते वायरमनला विचारा. काळी तार स्वच्छ, रंग खरवडलेल्या पत्र्याला बोल्टखाली आवळावी.

काही नव्या गाड्यांत दिव्यांचा कारभार गाडीतला छोटा संगणक पाहतो. तिथे जोडणी केल्यावर चित्र लुकलुकते, नाहीतर डॅशबोर्डवर दोषाचा दिवा लागतो. मग मध्ये रिले लावावा लागतो. गाडी वॉरंटीत असेल तर मूळ तारा कापूच नयेत, कंपनीच्या कार्यशाळेत जोडणीच्या कपलरसकट बसवून घ्यावे. पैसे जास्त पडतात, पण पुढे वादाला जागा राहत नाही.

केबल मागून पुढे नेताना डिकीच्या झाकणातून गाडीत येण्याची जी मूळ रबरी नळी असते, तिच्यातूनच न्यावी. मी अशा गाड्या पाहिल्या आहेत की केबल सरळ झाकणाच्या फटीतून आत घेतलेली. झाकण रोज आपटून आपटून पावसाळ्यापूर्वीच तार तुटते. नळीतून नेल्यावर झाकण पूर्ण उघडून-मिटून पाहा, तार ताणली जाता कामा नये. पुढे दाराच्या उंबऱ्यावरची प्लॅस्टिकची पट्टी उचलून तिच्याखालून केबल न्यावी. पिवळ्या आवरणाच्या किंवा पिवळ्या कपलरच्या तारा दिसल्या तर त्यांना हात लावू नका, त्या बहुधा एअरबॅगच्या असतात. दाराच्या वर किंवा बाजूच्या खांबावर एअरबॅग असे लिहिलेले असेल तर त्या खांबातूनही केबल नेऊ नका. पडदाही एअरबॅगच्या झाकणावर चिकटवायचा नाही.

कॅमेऱ्याची जागा मागच्या नंबरप्लेटच्या वर, गाडीच्या बरोबर मध्यावर. फार खाली बसवला तर चिखल आणि धूळ खातो, आणि लांबचे दिसत नाही. कॅमेऱ्याने नंबर झाकला जाऊ नये, नंबरावर उजेड पाडणाऱ्या दिव्याच्याही आड येऊ नये. उच्च सुरक्षा नंबरप्लेटची कुलपासारखी खीळ एकदा तोडली की परत बसत नाही, म्हणून त्या प्लेटला हात न लावता वरच्या पट्टीवरच जागा शोधा. पत्र्याला भोक पाडावे लागले तर कडा कानशीने घासून, गंजरोधक रंग लावून, रबराची कडी बसवून मगच तार आत घ्या. नाहीतर दोन पावसाळ्यांत तिथून गंज धरतो.

अंगणातली परीक्षा

कॅमेरा कलता ठेवून असा आवळा की चित्राच्या खालच्या काठाला आपला बंपर बोटभर दिसेल. बंपर दिसला म्हणजे बंपरला चिकटून उभे असलेले पोरही दिसेल. आकाश कमी दिसले तरी चालेल.

मग राखेने अंगणात एक चौकट आखा. बंपरपासून मागे वीस फूट आणि रुंदीला दहा फूट, गाडीच्या मधोमध. अमेरिकेच्या नियमात कॅमेऱ्याने साधारण एवढी जागा दाखवावी असे धरले आहे, आपल्यालाही तीच फूटपट्टी चालेल. मघाची फडक्याची काठी चौकटीच्या चारही कोपऱ्यांत आणि मध्ये फिरवा. प्रत्येक ठिकाणी ती पडद्यावर दिसली पाहिजे.

त्यानंतर एकाला गाडीमागे डाव्या बाजूला उभे करून हात हलवायला सांगा. पडद्यावर तो डावीकडेच दिसायला हवा, आरशात दिसतो तसा. उजवीकडे दिसला तर कॅमेरा पुढे पाहण्याच्या पद्धतीवर आहे. पुष्कळ कॅमेऱ्यांना त्यासाठी तारेचा छोटा वेढा असतो, तो कापला की चित्र उलटते; तुमच्या कॅमेऱ्याचा कोणता ते खोक्यातल्या कागदावर असते. ही चूक तशीच ठेवून गाडी चालवू नका, डावीकडचा माणूस वाचवायला गेलात तर त्याच्याच अंगावर जाल.

पडद्यावर लाल, पिवळ्या, हिरव्या रेघा येतात. त्या किती फुटांच्या, हे कॅमेऱ्याच्या उंचीवर आणि कलावर ठरते, म्हणून कागदावरचे आकडे आपल्या गाडीला लागू पडतीलच असे नाही. एक वीट लाल रेघेवर येईल अशी ठेवा आणि खाली उतरून अंतर मोजा. तेच तुमच्या गाडीचे माप. शिवाय या रेघा स्टिअरिंगबरोबर वळत नाहीत, गाडी सरळ मागे जाणार असे धरूनच त्या आखलेल्या असतात. रुंद कोनाच्या भिंगातून वस्तू आहे त्याहून लांब वाटते, हेही विटेवरून लक्षात येईल.

शेवटी घड्याळ लावा. गिअर टाकल्यापासून चित्र यायला किती वेळ लागतो? दोन सेकंदांच्या आत यायला हवे. माणसाच्या चालीने, म्हणजे ताशी ५ किलोमीटरने गाडी मागे घेतली तरी ती सेकंदाला साडेचार फूट सरकते. चित्र येण्याआधीच क्लच सोडलात तर दोन सेकंदांत नऊ फूट मागे न पाहता गेलात. वर काढलेली आंधळी जागा आठवा. म्हणून गिअर टाकला की ब्रेकवर पाय ठेवून चित्राची वाट पाहायची, चित्र नीट पाहायचे, मग आरसे, मग मान, आणि मग गाडी हलवायची. कॅमेरा आला म्हणून आरसे सोडायचे नाहीत. पोर बाजूने पळत येते तेव्हा ते आधी आरशात दिसते, पडद्यावर येईपर्यंत उशीर झालेला असतो.

कॅमेऱ्याला जे जमत नाही

गाडीच्या पोटाखाली बसलेले वासरू, कुत्रे, कोंबडी कॅमेऱ्याला दिसत नाही. त्यासाठी गाडीभोवती एक फेरी मारणे आणि वाकून पाहणे याला पर्याय नाही. पुढच्या बाजूलाही उंच बॉनेटखाली आंधळी जागा असतेच. रात्री रिव्हर्सच्या दिव्याचा उजेड जेवढा, तेवढेच चित्र. दिव्याची काच पिवळी पडली असेल तर ती घासून घ्या, जास्त वॅटचा बल्ब घालून होल्डर वितळवू नका. सकाळचे ऊन थेट भिंगावर आले की चित्र पांढरे होते. असे झाले, किंवा पडदा काळा राहिला, तर उतरून पाहायचे. अंदाजाने मागे घ्यायचे नाही.

आणि पोरांचे म्हणाल तर दोन वेळा जोखमीच्या. गाडी आली की ती धावत सामोरी येतात, आणि निघाली की निरोपाचा हात करायला मागे येतात. निघताना घरातल्या एका मोठ्या माणसाने लहान मुलाचा हात धरून ओट्यावर उभे राहावे आणि चालवणाऱ्याला ते दोघे दिसावेत, एवढा एक पायंडा घरात पाडून घ्या. मागे उभे राहून “येऊ द्या, येऊ द्या” म्हणणाऱ्यानेही गाडीच्या सरळ मागे न थांबता चालकाच्या बाजूला, आरशात दिसेल असे थांबावे. गाण्याची मशीन बंद, काच खाली. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी खळ्याशेजारी गाडी पुढच्या पुढे वळवता येईल एवढी मोकळी वाट ठेवली, तर मागे घेण्याची वेळच कमी येईल.

पिकअप आणि ट्रॅक्टर

पिकअपला कॅमेरा फळक्यावर लावू नये, फळका खाली सोडला की तो जमिनीकडे पाहू लागतो. हौद्याच्या खालच्या चौकटीला, लोखंडी पट्टीच्या आडोशाला बसवावा. चिखल तिथे जास्त लागतो, म्हणून पाण्याची बाटली आणि मऊ फडके गाडीतच ठेवा. भिंग धोतराच्या सोग्याने कोरडे पुसू नका, धुळीचे कण भिंगावर चरे पाडतात. आधी पाणी ओता, मग टिपा.

ट्रॅक्टरवाल्यांनी या कॅमेऱ्याचा वेगळा उपयोग जरूर पाहावा. ट्रॉली जोडताना एक जण ट्रॅक्टर मागे घेतो आणि दुसरा मध्ये उभा राहून हुकात पीन घालतो. क्लचवरचा पाय जरा निसटला तर मधला माणूस ट्रॉली आणि ट्रॅक्टर यांत चेपतो. ट्रॅक्टरच्या मागे, हुकावर रोखलेला कॅमेरा आणि स्टिअरिंगजवळ छोटा पडदा असेल तर हुक ट्रॉलीच्या कडीसमोर येईपर्यंत मध्ये कुणाला उभे करावे लागत नाही. जवळ आल्यावर ट्रॅक्टर थांबवा, ब्रेक लावा, इंजिन बंद करा, मग पीन घाला. ट्रॅक्टरला रिव्हर्सचा दिवा नसेल तर इथे मात्र बटण लावावे लागते. हादरे जास्त असल्याने बोल्टांना दुहेरी नट आवळा, आणि पडदा पावसात उघडा राहणार असेल तर सहज काढता येईल असा घ्या.

कॅमेऱ्याचे बिल जपून ठेवा. विमा भरताना बाहेरून बसवलेले उपकरण म्हणून त्याची नोंद करून घेतली नाही, तर नुकसानीच्या वेळी त्याची भरपाई मिळत नाही. दर महिन्याला, टायरची हवा पाहता त्या दिवशीच, राखेची ती चौकट पुन्हा आखून फडक्याची काठी फिरवून पाहा. खड्ड्यांनी कॅमेरा हळूहळू खाली झुकतो. नट आवळायला मिनिटभर पुरते.